नऊ ते साडेपाच

आमच्या कोरमंगल्याच्या ऑफिसात सगळे टक्क्यांत बोलत, मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या अक्का नावांत. "या तिमाहीत किती जण सोडून गेले?" असं विचारलं की त्या एकेक नाव घ्यायच्या, आणि विचारणाऱ्याचा धीर सुटला की मग टक्केवारी सांगायच्या.

अक्का इथल्या जुन्या मराठी घरातल्या. मी पुण्याहून आले तेव्हा त्यांचं मराठी मला आधी कानडीच वाटलं. नोकरी सोडून गेलेल्यांचा हा त्यांच्या हाताखाली माझा पहिलाच अहवाल होता. मी घाईघाईने पाठवायला निघाले, तर म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. माणूस गेलाय. का गेला ते विचारू तरी की."

ग्राहकसेवेतून सहा जणी गेल्या होत्या. सगळ्यांच्या राजीनाम्यात एकच कारण: वैयक्तिक. अक्कांनी एकेकीला फोन लावला. आधी मुलाबाळांची चौकशी, कामाचं मागाहून. तेव्हा उलगडलं. शिफ्ट सकाळी सातची झाली होती. सर्जापूर रोडवरून यायचं तर पाळणाघर उघडायच्या आधीच घर सोडावं लागे. शुभा नावाची मुलगी तर फोनवर रडलीच.

आमच्या विभागाच्या साहेबांनी अहवाल चाळला. "यातल्या तिघी सहा महिन्यांच्या आत गेल्यात. त्यांना धरू नका, आकडा बरा दिसेल."

"रुजू झाल्या तेव्हा मोजलंत ना सर? मग गेल्या तेव्हाही मोजायचं."

अक्कांचा आवाज चढला नाही. त्यांच्या नोकरीची मुदतवाढ याच साहेबांच्या सहीवर अडलेली होती. तरी त्यांनी सहाही नावं ठेवली आणि खाली कारण लिहून अहवाल थेट वर पाठवला.

दोन महिने काहीच घडलं नाही. मग एका सोमवारी शिफ्ट नऊ ते साडेपाच झाली. शुभा आणि आणखी एक जण परत आल्या. अक्कांची मुदतवाढ मात्र झाली नाही.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतंय की. पण शुभा हसतेय, बघितलीस?"

शेवटच्या दिवशी त्यांना पोचवायला सगळा मजला फाटकापर्यंत आला. साहेबही आले, जरा अवघडून उभे राहिले. "आता अहवाल कोण करणार?"

रिक्षात बसता बसता अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "ही. आणि सर, हिला मोजता येतं बरं का."