वेचणीची यादी

बोरी अरबच्या मुलींच्या फुटबॉल क्लबच्या दोन याद्या असत. एक अकरा मुलींच्या नावांची, ती स्पर्धेच्या टेबलावर जायची. दुसरी डोमाजी काकांच्या सदऱ्याच्या खिशात राहायची. तिच्यावर बायकांची नावं असत. कुणाची मावशी, कुणाची वहिनी, लग्न होऊन गावातच राहिलेली एखादी जुनी खेळाडू. सामन्याच्या दिवशी कोणत्या मुलीऐवजी कोणती बाई कापूस वेचायला जाणार, ते त्यात लिहिलेलं असे. पहिली यादी काका उभ्या उभ्या करत. दुसरीसाठी आठवडाभर दारोदार फिरत.

दोन वर्षं त्या यादीवर माझ्या आईचं नाव होतं.

काकांनी गावच्या जिनिंगमध्ये एकोणीस वर्षं काढली. तिथं कधीकाळी नागपूरहून एक फिटर आला होता. त्याचं नाव आता कुणाला सांगता येत नाही, पण त्यानं कामगारांचा फुटबॉल संघ काढला, एवढं सगळ्यांना आठवतं. काका त्या संघात डाव्या बाजूनं पळत. पुढं फिटर गेला, मग जिनिंगही बंद पडलं. मालकानं काकांना आवार राखायला ठेवलं. ज्या जागेवर हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, तिथं कुत्री झोपायला लागली. काकांनी दोन बाजूंना दोन-दोन दगड ठेवले आणि गावातल्या पोरांना बोलावलं. पोरं आली, मोठी झाली, कामासाठी पुण्याकडं निघून गेली. मग मुली यायला लागल्या, आणि क्लब मुलींचाच झाला.

काका मैदानावर ओरडत नसत. कुणी चेंडू पायात धरून ठेवला की, "सोड ना बापा, तो काही तुले आंदण नाही देल्ला," एवढंच म्हणायचे. पण माझ्या आठवणीतल्या त्या शेवटच्या काही वर्षांत ते फार दमलेले असत. गुडघा दुखायचा. मुली पळायला लागल्या की ते दगडावर बसून घेत. घरी बायकोला, तुळसाबाईंना, सांगत, "यंदाचं शेवटचं."

"मागच्या वर्षीबी शेवटचंच होतं," तुळसाबाई म्हणायच्या.

२००६ साली दिवाळीनंतर क्लब पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. सामना दारव्ह्याला, रविवारी दुपारी दोनला, ढाणकीच्या मुलींशी. त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रोज वर्तमानपत्रात यायचं, पण ते कशामुळं, हे आमच्याकडं कुणी कुणाला विचारत नसे. गावाला वेगळीच घाई होती. नव्या बियाण्याची बोंडं सगळ्या शिवारात एकदमच फुटली होती. वेचणारे हात तेवढेच, आणि प्रत्येकाला ते आजच हवे होते. त्यात रविवार. शाळेला सुट्टी, म्हणजे मुली वावरात. सात जणींपेक्षा कमी मैदानावर आल्या तर सामना होत नाही, समोरच्या संघाला जिंकलेलं धरतात. काकांना हरण्याची भीती नव्हती. त्यांना अकरा मुली त्या मैदानावर उतरलेल्या पाहायच्या होत्या.

शनिवारी सकाळी ते यादी घेऊन निघाले. भुरीबाई दरवर्षी यायची. यंदा तिनं दारातूनच हात जोडले.

"भाऊ, माह्याच वावरात कापूस लोंबून राह्यला. वारा सुटला तं सारा मातीत. तो सोडून दुसऱ्याच्या वावरात कशी जाऊ, सांगा."

पुढच्या घरी एक जुनी खेळाडू होती, कडेवर पाच महिन्यांचं मूल.

"काका, मी एका पायावर आली असती. पण हे तुम्ही सांभाळता का?"

काकांनी मुलाकडं पाहिलं. थोडा विचार केला. "सांभाळतो. आण."

"राहू द्या!" ती हसली. "तुम्ही त्याले दोन दगडांच्या मधात उभं कराल. सासू सांभाळीन. लिहा माहं नाव."

असं करत संध्याकाळपर्यंत दहा नावं झाली. तुळसाबाईंचं नाव नेहमीसारखं सगळ्यात वर होतं. त्या एका बचावपटूऐवजी जाणार होत्या. माझी आई त्या वर्षी यादीत नव्हती, कारण ती लालीबाईच्या मजूर बायकांच्या टोळीत आमच्याच पोटासाठी वेचत होती. अकरावी राहिली प्रियंका. ती गोलात उभी राहायची.

"दहा जणी खेळा म्हणा," वाटेत कुणीतरी सुचवलं.

"गोलातच कोणी नाही, तं बाकीच्या कायले जातात?" काका म्हणाले आणि प्रियंकाच्या घरी गेले.

प्रियंकाची आई साधना चुलीपुढून उठली नाही. ते कशाला आलेत, हे तिला माहीत होतं.

"मी नाही म्हणत नाही, भाऊ. पण लालीबाईनं मले दोन माणसांची जागा देल्ली. उद्या एकटी गेली तं ती दुसऱ्या मायलेकीले घेते. मंग हंगामभर मी कुठी जाऊ?"

मागच्या अंगणात भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"लालीबाईले दोन माणसं पायजे ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"मंग दोन येतील."

"दुसरं कोण?"

"मी."

साधना हसली. मग त्यांच्या तोंडाकडं पाहून थांबली. "तुम्ही? अन् पोट्ट्यायसंग कोण जाईन?"

"शकील. गाडी त्याचीच हाय."

मागून प्रियंका ओरडली, "शकीलकाका? त्यायले ऑफसाइड समजत नाही!"

"तुले समजते ना? मंग झालं."

घरी तुळसाबाई चिडल्या. "इतक्या वर्षांत फायनल आली, अन् तुम्ही कापूस वेचाले चालले."

काका पाय धूत होते. "मी गेलो अन् ती नाही आली, तं तिथं मी काय पाहू?" ते म्हणाले. मग बराच वेळ तांब्यातलं पाणी नुसतंच पायावर सोडत राहिले.

सकाळी स्टँडवर शकीलची काळी-पिवळी प्रवासी जीप उभी होती. त्याची मुलगी अतिया संघात पुढं खेळायची. दहा वाजता मुली आत कोंबून बसल्या. शकील उतरून काकांकडं आला. डोमाजी काकांच्या कमरेला तुळसाबाईंचं जुनं लुगडं फाडून केलेली ओटी बांधलेली होती. वेचलेला कापूस भरायची झोळी.

"भाई, मैं उनको क्या बोलूं? मले तं काही समजत नाही."

"काही बोलू नको. पाणी दे. हाफ टाइमले पाय वर करून झोपाले लाव."

"अन् हरून राह्यल्या तं?"

"तरीबी पाणीच दे."

गाडी गेली. काका रामसिंगच्या वावराकडं चालायला लागले. ते वावर दारव्हा रोडलाच होतं आणि लालीबाईची टोळी त्या दिवशी तिथं लागली होती.

लालीबाई तांड्यावरची. वीस बायकांची टोळी ती एका आवाजावर चालवायची. काकांना पाहून तिनं कमरेवर हात ठेवले.

"कोचसाहेब, शिट्टी आणली का?"

बायका हसल्या.

"कोणती ओळ माही?" काकांनी विचारलं.

"ती धुऱ्याजवळची. मायलेकीची. पऱ्हाटीवर एक बोंड ठेवू नका. पोट्टी ठेवत नाही."

काका वाकले. पहिला तासभर गंमतीत गेला. बोंडाची वाळलेली टोकं बोटांच्या शेंड्यांत घुसतात, ती टाळून पाकळ्यांतला कापूस एका झटक्यात ओढावा लागतो. साधनाची दोन्ही हातांची बोटं न बघता चालत होती. काकांना प्रत्येक बोंड पाहावं लागत होतं. माझी आई दोन ओळी सोडून होती. ती सांगते, बाकीच्या बायका ओळीच्या मध्याला पोचल्या, तेव्हा काका अजून हाक ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर गेले होते.

लालीबाईनं त्यांच्या ओटीत हात घातला. "पाला येऊन राह्यला तुमच्या कापसात. माह्या सासूले डोळ्यानं दिसत नव्हतं, ती याहून साफ वेचे."

"तिनं फुटबॉल नव्हता खेळला," काका म्हणाले.

भाकरी खाऊन सगळ्या पुन्हा ओळींना लागल्या. ऊन मानेवर आलं होतं. काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि आईनं विचारलं, "सुरू झाली असन ना, भाऊ?"

"आता व्हते."

"मंग सांगा ना, काय चाललं असन."

काकांचे हात थांबले नाहीत. "पहिली दहा मिनिटं प्रियंका भेते. गोल सोडून पुढं येत नाही. तेवढी दहा मिनिटं निघाली पायजे. मंग ती कोणाले ऐकत नाही."

साधनानं मान वर केली नाही, पण तिच्याही हातांचा वेग कमी झाला. सगळी टोळी ऐकत होती. दहा मिनिटं गेली असतील. लालीबाईनंच विचारलं, "अन् आता?"

"आता नाही माहीत," काका म्हणाले.

तीनच्या सुमारास त्यांना वाकवेना. ते गुडघ्यांवर बसले आणि तसेच सरकत वेचू लागले. दुखऱ्या गुडघ्याखाली त्यांनी टॉवेलची घडी ठेवली होती. एक झाड झालं की ती उचलायची, पुढं ठेवायची. कुणी हसलं नाही. लालीबाई त्यांच्या शेजारून जाताना त्यांच्या ओळीतली चार-पाच बोंडं काढून आपल्या ओटीत न टाकता त्यांच्या ओटीत टाकायची आणि पुढं व्हायची.

पाच वाजता रोडवर गाडी थांबली. काका उभे राहायला गेले आणि पऱ्हाटीचा आधार घेऊन अर्धेच राहिले. मुली जिंकल्या असत्या तर शकीलनं दारव्ह्यापासून हॉर्न वाजवत गाडी आणली असती. हॉर्न वाजला नव्हता. मुली एकेक उतरून धुऱ्याच्या बांधावरून येत होत्या, आणि अतियाच्या हातात कप होता.

"जिंकलो," शकील म्हणाला. वाटेत टायर बसल्याचं सांगावं, तसं.

"किती?"

"किती काय. ढाणकीच्या पाचच आल्या. पहाटेच निघाल्या म्हणे. दुसरी गाडी यायची होती, आलीच नाही. त्यायच्याकडंबी कापूस फुटला ना, भाई. अडीचपर्यंत थांबले, मग रेफ्रीने सीटी बजा दी. बोरी अरब विजयी."

सकाळपासून दहा बायका गावच्या दहा वावरांत वाकलेल्या होत्या. अकरावे ते स्वतः.

"खेळल्या नाहीत मंग," ते म्हणाले.

"खेळलो ना!" प्रियंका पुढं आली. तिच्या कोपरावर ताजं खरचटलं होतं. "त्या पाचजणी गाडीत बसून राह्यल्या होत्या. शकीलकाकांनी आपली गाडी त्यायच्या गाडीसमोर आडवी लावली."

"लगाई," शकील म्हणाला. "म्हटलं, इतनी दूर से आई हैं, खेल के जाओ."

"आम्ही तीन जणी त्यायच्यात गेलो. आठ-आठ झाल्या. मी त्यायच्या गोलात राह्यली."

"कोण जिंकलं?"

प्रियंकानं अतियाकडं पाहिलं. "ढाणकी. दोन-एक."

लालीबाई मोठ्यानं हसली. काका हसले नाहीत. "एक कोणं मारला?"

"अतियानं. मी सोडला नाही, काका. खरंच गेला."

"सोडला हिनं!" मागून एक जण ओरडली.

"नाही सोडला!"

"दहा मिनिटं भेली का?" काकांनी विचारलं.

"नाही. ती खरी मॅच नव्हती ना, मंग काहून भेऊ?"

मग तिचा आवाज थोडा खाली आला. "त्यायच्यासंग एक बाई होती. तिनं विचारलं, तुमच्या अकराच्या अकरा कशा आल्या? मी सांगितलं, आमच्या ओळीत दुसरं माणूस लागते. माह्या ओळीत आमचे कोच हायेत."

"मंग?"

"काही नाही. आपल्या पोट्ट्यायकडं पाह्यलं तिनं. मंग म्हणे, मले हे सुचलंच नाही."

काकांनी रोडकडं पाहिलं. ढाणकी लांब. ती गाडी अजून वाटेतच असेल; त्यात पाच मुली, आणि पुढच्या सीटवर ती बाई, एकेका घरी आपण काय म्हणालो ते आठवत बसलेली.

अतियानं कप त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बोटांचे शेंडे सदऱ्याला पुसले, कपावर एक बोट टेकवलं आणि तो साधनाकडं द्यायला सांगितलं. साधनानं तो खाली मातीत न ठेवता ओटीतल्या कापसावर ठेवला.

प्रियंका ओळीकडं बघत होती. तिसरा हिस्सा राहिला होता, आणि बाकी सगळ्या ओळी संपल्या होत्या. ती काकांच्या मागं गेली आणि त्यांच्या कमरेची गाठ सोडायला लागली.

"काय करून राह्यली?"

"द्या ना. मी करते. माह्याकडून पटकन होते."

काकांनी तिचा हात बाजूला केला. "बदली केल्यावर बाहेर गेलेला खेळाडू परत आत येते का?"

ती पुन्हा गाठीकडं हात नेऊ लागली.

"सांग ना. फायनल जिंकून आली, नियम नाही माहीत?"

"नाही येत."

"मंग धुऱ्यावर बस. पाय लांब कर."

मुली धुऱ्यावर बसल्या. शकीलनं गाडीतून पाण्याचा कॅन आणला, आणि तोही काही न सांगता फक्त पाणी देत गेला. काकांनी टॉवेलची घडी पुढच्या झाडाखाली ठेवली आणि गुडघा टेकला. उजेड अजून थोडा होता. मागं मुली तावातावानं भांडत होत्या, तो गोल गेला की सोडला, कुणी कुणाला चेंडू दिला, ढाणकीची उंच पोट्टी कशी पळाली. आणि काका वेचता वेचता ऐकत होते.