धोंड्याच्या महिन्यातली बॉक्सिंग

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीनं वर दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी मी पिशवी उघडून बघतो. त्यामुळे धोंड्याच्या महिन्यात कडेगावला सासुरवाडीला जेवायला गेलो आणि टीव्हीवरच्या बॉक्सिंगच्या गेममध्ये मेहुण्याला लागोपाठ तीनदा हरवलं, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी मला शंकाच आली.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. फौजेत असतो, सुट्टीवर आला होता. लग्नाच्या वेळी घरात त्यानं एकट्यानंच नकार दिला होता. शेत नाही, विश्रामबागेत भाड्याची खोली, ऑफिसात कारकुनी. हा काय माझ्या बहिणीला सुखात ठेवणार, असं त्याचं म्हणणं. वर्ष झालं तरी तो माझ्याशी हवापाण्यापलीकडं बोलला नव्हता. त्यानं मला आपलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

गेम मला नवा नव्हता. खोलीवर खेळून खेळून मी माझे आडाखे बसवले होते. अंगावर धावून येणारा बॉक्सर असेल तर सरळ मागं हटायचं नाही; बाजूला सरकायचं आणि तो आत आला की खालून हनुवटीवर एक द्यायचा. लांब हातांचा, दुरूनच जॅबचे सरळ ठोसे मारत फिरणारा असेल तर त्याच्या तोंडाच्या मागं लागायचं नाही. कोपऱ्यात कोंडून बरगड्यांवर मारत राहायचं, तिसऱ्या राउंडला त्याचे पाय जड होतात. सगळ्यात अवघड तो, जो स्वतः काहीच करत नाही, तुमच्या ठोशाची वाट बघतो आणि तुम्ही चुकलात की उत्तर देतो. त्याला आधी खोटा ठोसा दाखवायचा, तो फसला की खरा.

मेहुण्यानं तिन्ही प्रकारचे बॉक्सर घेऊन बघितले आणि तिन्ही आडवे झाले. पण शेवटच्याचा दम निम्म्याहून जास्त शिल्लक होता आणि हात मात्र खाली. मी पडद्यावरची नजर काढून मेहुण्याच्या बोटांकडं पाहिलं होतं. अंगठा बचावाच्या बटणावर होता, पण तो दाबत नव्हता.

जत्रेच्या मैदानात आधी ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडं नुरा म्हणतात. हा माणूस माझ्याशी नुरा खेळत होता. मी लढायच्याही लायकीचा नाही, असंच त्याला म्हणायचं असणार, असं माझ्या मनानं घेतलं. राग आला आणि वाईटही वाटलं.

जेवताना पुरणाचे धोंडे मी कसेबसे संपवले. सासूबाईंनी ओवाळलं, वाण म्हणून अनारसे आणि चांदीचा दिवा दिला, वर वाकून नमस्कारही केला. मी अवघडून मेहुण्याकडं पाहिलं, तर तो माझ्याकडंच बघत होता.

हात धुतल्यावर त्यानं कंट्रोलर माझ्या हातात दिला.

"बसा पावणं. आता वाण दिऊन झालंय. धोंडं खाईपातूर जावयाला हरवायचं न्हाई, अशी आयनं ताकीद दिलती मला."

त्यानं तो वाट बघणारा बॉक्सर घेतला आणि पहिल्याच राउंडला मला झोपवलं. माझे खोटे ठोसे तो नुसते जाऊ द्यायचा, खऱ्याला मात्र बरोबर उत्तर. सलग चार डाव हरल्यावर मी विचारलं, "खोटा कुठला, खरा कुठला, हे तुम्हाला कळतं कसं?"

"टीव्हीकडं बघतंय कोण?" तो म्हणाला. "मी सकाळधरनं तुमच्याकडंच बघतोय. खोटा ठोसा टाकायच्या आदी तुमी श्वास धरता. लबाडी जमत न्हाई तुमास्नी."

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"ते बरं हाय," तो म्हणाला. "शेतबित ऱ्हाऊ द्या. भनीच्या पायी मला लबाडीचाच घोर व्हता."

पाचव्या डावात मी एकही खोटा ठोसा टाकला नाही. हरलो ते हरलोच.