वाफ्यात उरलेली कलमं

"अर्ध्याहून जास्त मेली! नर्सरी आहे की स्मशान?" शेठ ओरडत होते. आवाज असा, की जवळच्या चिखले गावच्या समुद्राने भरती अर्ध्यावर सोडून माघार घेतली असणार. समोर तलासरीच्या एका पाड्यावरची बाई उभी होती. बारा वर्षं ती इथे चिकूची कलमं बांधत होती. यंदा शेठनी शहरातून एक शिकलेला कलमवाला आणला. त्याच्याकडे सहा प्रमाणपत्रं आणि एक चाकू. त्यातला चाकू कोरा. यापुढे दोघांपैकी एकालाच ठेवायचं होतं.

निवाडा करणारा विद्वान मी. नर्सरीतला कारकून, पण संख्याशास्त्राचा पदवीधर. डहाणू ते तलासरी माझ्या तोडीचा दुसरा नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे. बाईच्या कलमांना लाल चिंधी, त्याच्या कलमांना निळी. मी वाफ्यात उतरून मोजली. लाल ऐंशी, त्यातली तीस जिवंत. निळी दोनशे, त्यातली एकशे दहा जिवंत. लाल ऐंशीच का, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. मी दोन प्रमाणांची तुलना केली, सूत्र लावलं आणि शेठना छातीठोक सांगितलं, "असा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात एकदाही पडायचा नाही."

शेठना यातलं फक्त 'शंभर' कळलं. तेवढ्यावर ते पाऊण तास ओरडले.

ते दम घ्यायला थांबले तेव्हा बाई माझ्याकडे वळली. "भाऊ, टेंपोतली मोजली का?"

"कुठला टेंपो?"

"उंबरगावचा. मग संजाणचा. मीपण दोनशेच बांधलेली. बागायतदार येतात ते लाल चिंधीच मागतात. जिवंत बघून उचलतात. मेलेलं कोण नेणार?"

मी शेठकडे पाहिलं. शेठ शेडनेटच्या भोकांचा अभ्यास करू लागले.

"शेठ, किती गेली?"

"एकशे वीस," शेठ म्हणाले. समुद्र हटवणारा तो आवाज आता चिकूच्या बीएवढा झाला होता. "मीच चढवून दिली."

"आणि निळी?"

"निळी कोण मागतो?"

मी तिथेच, खताच्या गोणीवर बसून, पुन्हा गणित मांडलं. लाल दोनशेत दीडशे जिवंत, निळी दोनशेत एकशे दहा. तेच सूत्र, तोच मी, आणि उत्तर बरोब्बर उलटं. "असा फरक योगायोगाने हजारात एकदाही पडायचा नाही," मी म्हणालो. या वेळी छाती ठोकली नाही.

"सकाळी शंभर, दुपारी हजार!" शेठनी माझ्या पदवीचा असा उद्धार केला, की विद्यापीठाच्या इमारतीला तडा गेला असेल. मग बाईकडे न बघता ते म्हणाले, "बरं, ये उद्यापासून. आठला."

"आठला ऊन होतं, कलमाची काडी सुकते," बाई म्हणाली. "सातला येईन."