आबांचा कागद वाचा

"विहिरीनं घेतली न्हाई, म्हनून आता बंदूक मागती व्हय गं?"

बागायतदार आबा चावडीच्या ओट्यावर लोडाला टेकून बोलला, आन सगळी चावडी हसली. पोलीस पाटलाच्या हातात माझ्या चौकशीचा कागद हुता. नुकताच त्यानं तो मोठ्यानं वाचला हुता. 'अर्जदार बाई हिने लग्नापूर्वी एकदा जीव देण्यासाठी विहिरीत उडी घेतली होती, असे तिने स्वतः सांगितले.' मी पायरीखाली उभी. बाजूला माझी सासू. तिला आजवर यातलं काईबी म्हाईत नव्हतं.

आमी बौद्ध झालो त्याला लई वर्सं झाली हुती. पन गावाच्या तोंडात आमचं नाव जुनंच, आन चावडीची पायरी बी तीच. आमच्या मानसाचा कागद आला की तो चावडीत वाचायचा आन आमी खाली उभं राहून ऐकायचा, ही रीतच पडलेली.

माझे मालक पलटनीतून पेन्शनीवर आलेले. आमचं रान नाल्याकडंला, रानडुकरांच्या वाटंवर. राखनीसाठी त्यांनी एकनळी बंदूक घेतली. दुष्काळ पडायच्या आदल्या साली ते तापानं गेले, आन बंदूक शेवगावच्या ठान्यात जमा झाली. तिकडं भुईमूग भरत आला, इकडं डुकरं सुटली. बंदूक सोडवायची, नगरच्या दुकानातून काडतुसं आनायची, तर परवाना माझ्या नावावर व्हाया पायजे. चौकशीबिगर तो हुत नसतो.

ठान्यातला जमादार चौकशीला घरी आला. चांगला बोलला, खोटं कशाला बोलू. भांडन हाय का कुनाशी, दारू पिता का, सगळं विचारलं. मग आवाज खाली आनून म्हनला, "बाई, कधी जीव द्यायला गेलता का? काडतूस द्यायच्या आधी हे विचारावं लागतं."

ही गोष्ट मी मालकाशिवाय कुनालाच सांगितली नव्हती. पन मालक म्हनायचे, बंदुकीपाशी खोटं ठेवायचं न्हाई. विचारनं बी रास्तच हुतं. ज्याच्या हातात काडतूस द्यायचं, त्याला विचारू नये तर कुनाला विचारावं? मी खरं सांगितलं.

"हे माझ्यात आन सायबात राहील," जमादार म्हनला.

पन गावचा शेरा लागतो म्हनून कागद पोलीस पाटलाकडं आला, आन पाटलानं तो आबापुढं उलगडला.

हसनं थांबल्यावर आबा मवाळ झाला. "हे बघ, तुझ्याच भल्याचं सांगतो. बंदूक माझ्या परवान्यावर चढव. काडतुसं मी आनतो, माझे गडी तुझं रान राखतील. निम्मा भुईमूग तुझा. बाईमानसानं आन त्यात आसल्या डोक्याच्या, काडतुसाला हात लावू नये."

आसल्या डोक्याच्या! सासूनं माझा पदर घट्ट धरला हुता. तिच्या हातातून तो सोडवला आन मी पायरी चढले. आमच्या वस्तीतली बाई त्या ओट्यावर कधी चढली नव्हती. कुनीतरी "अगं, ए!" म्हनून वरडलं.

"पाटील," मी म्हनले, "आता आबांचा कागद वाचा."

"कसला कागद?"

"आबांकडं दुनळी हाय. ते बी काडतुसं आनत्यात, म्हंजी त्यांची बी चौकशी झाली आसंल. पोराच्या वरातीत पिऊन बार काढला, वाजंत्र्याच्या पायात छर्रे गेले. लिवलंय का ते? वाचा, आमी बी ऐकतो."

आबाचं तोंड कसं झालं हुतं सांगू! पाटील चाचरला. "तसला कागद कुनापुढं वाचायचा नसतो बाई. सरकारी गुपित आसतं ते."

बोलून गेला आन त्याचं त्यालाच कळलं. चावडीत कुनी हसलं न्हाई.

"मग माझा का वाचला?" मी म्हनले. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! व्हय, घेतली मी उडी. वर बी माझी मीच आले, कुनी दोर टाकला न्हाई. आन का घेतली ते त्या कागदावर न्हाई. तुमास्नी ते कळनार बी न्हाई."

आता हे वाचनाऱ्यांना बी सांगते. तुमालाबी सांगनार न्हाई. ते माझं हाय.

पाटलानं घाम पुसला आन कागद पुढं केला. "वाचून दावला म्हनून अंगठा कर, आन जा."

मी पेन मागितला. मालकानं मला लिवायला शिकवलं हुतं. सावकाश, एकेक अक्षर गिरवत लिवलं: हा कागद चावडीत सगळ्यांपुढं वाचला. मला विचारलं न्हाई. खाली पुरं नाव घातलं.

"हे काय करून ठेवलंस?" पाटील म्हनला. "आता हा वर कसा धाडू?"

"हाच धाडा."

घरी आल्या आल्या सासू चुलीपुढं बसली, मग म्हनली, "माझ्या लेकाला ठावं हुतं?"

"व्हय, आत्या."

"मग बास झालं," ती म्हनली आन भाकरी थापाया लागली. मला तिथंच रडू फुटलं. चावडीत डोळ्याला पानी येऊ दिलं नव्हतं.

शेवगावला ती माझ्यासंगं आली. फौजदारानं कागद बघितला. "तुमची चौकशी ठीक आहे. एवढ्या दोन ओळी खोडा, परवान्याची शिफारस करून वर पाठवतो. नाहीतर वरून मलाच विचारतील."

बंदूक त्याच्या मागच्या कपाटात हुती. मालकानं पट्ट्याला बांधलेली तांबडी दोरी मला दिसत हुती. पेन घ्याया हात पुढं केला आसता तर भुईमूग वाचला आसता. मी सासूकडं बघितलं. ती दाराकडं चालायला लागली हुती.

खोडलं न्हाई. परवाना मिळाला न्हाई. पत्र्याचा डबा बडवून, टेंभे नाचवून आमी दोघींनी राखन केली. तरी डुकरांनी निम्म्याहून जास्त रान उकरलं. आबाचा गडी बांधावरून बघून गेला. जाऊ दे.

दुसऱ्या साली मी पुन्हा अर्ज केला. पुन्हा तोच जमादार आला. खाली मान घालून म्हनला, "बाई, मागचंच उतरून घेतो."

"उतरू नका. विचारा, मी पुन्हा खरंच सांगीन. पन आधी वरती लिवा, हा कागद गावात कुनापुढं वाचायचा न्हाई."

"आसं कुनी लिवत नसतं."

"आबांचं न लिवता पाळत्यात," मी म्हनले. "माझं लिवावं लागंल."

त्यानं पेनाचं टोपन लावलं. मी दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिले. ती ओळ लिवल्याबिगर सरकार माझ्या उंबऱ्याच्या आत येनार न्हाई.