शेवटी सदतीस

फुलंब्रीच्या तहसीलीसमोरच्या कडुलिंबाखाली वहाबनं पहिल्यांदा टाइपरायटर मांडला, तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. लोक समोर उकिडवे बसायचे आणि आपलं सांगत राहायचे. कुणाचा बांध सरकलेला, कुणाचं नाव वारसातून राहून गेलेलं. वहाब सगळं ऐकून घ्यायचा. त्यातलं रडणं बाजूला काढायचा, शिव्या बाजूला काढायचा, आणि उरलेलं नेमकं पानभर टाइप करून हातात द्यायचा. माणसाच्या दुःखातून अर्ज कसा वेगळा काढावा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याच्या बोटांत आपोआप आलं.

पुढं कॉम्प्युटर आला आणि वहाब झाडाखालून गाळ्यात गेला. अर्ज ऑनलाइन झाले. प्रत्येक अर्जाला मेल लागायला लागला, आणि मेल म्हणजे काय हे तालुक्यात फार थोड्यांना ठाऊक होतं. वहाब समोरच्याचं नाव विचारायचा, जन्मसाल विचारायचा, आणि पाच मिनिटांत त्याचं खातं उघडून द्यायचा.

अडचण यायची ती मोबाइल नंबराची. पोरं ऑफर बघून सिम बदलायची. बायांचा फोन नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा बाजाराला गेलेला. कोड यायचा तिकडं, फॉर्मची मुदत संपायची इकडं. मग वहाबनं आपला तोडगा काढला. खातं कुणाचंही असो, नंबर वहाबचा टाकायचा. पासवर्डही त्यानंच ठरवायचा, गावाचं नाव आणि पुढं जन्मसाल, आणि लाल वहीत लिहून ठेवायचा. माणूस तीन वर्षांनी आला तरी त्याला काही आठवावं लागायचं नाही. नाव सांगायचं की झालं.

या वहीचा वहाबला मोठा अभिमान. घरी बायको ताहेरा टोमणे मारायची, "सारे तालुके की चाबियां लेके बैठे, और अपने घर की चाबी रोज भूलते." वहाब हसायचा. एवढ्या लोकांनी आपल्यावर टाकलेला भरवसा त्याला त्या वहीच्या पानापानात दिसायचा.

सांडूची पोरगी सरिता दुपारी बाराच्या सुमारास गाळ्यात आली, तेव्हा वहाब एका म्हातारीचा उत्पन्नाचा दाखला काढत होता. सरितानं दहावीत असताना इथंच खातं उघडलं होतं. शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, परीक्षेचे सगळे फॉर्म तिनं सहा वर्षं इथंच बसून भरले. आता ती शहरात लॅब टेक्निशियनचं शिकून बाहेर पडली होती. काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून आल्यानं ओढणी चुरगळलेली, आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात.

"चाचा, दवाखान्यात माझं सिलेक्शन झालं," ती म्हणाली.

"अरे वा! मग पेढे कुठं?"

"पेढे ऱ्हाऊ द्या. त्यांनी मेल पाठवलाय, फोनवर तसं सांगितलं. आज पाचच्या आत त्याच मेलवरून होकार कळवायचा, नायतर यादीतल्या पुढच्याला बोलवतील. आन माझं खातंच उघडंना. जुना फोन हौदात पडला, नव्यावर पासवर्ड घेतंय आन मग कोड मागतंय. म्हणतंय, शेवटी सदतीस असलेल्या नंबरवर पाठवलाय."

"दवाखान्याला फोन केला का?"

"केला की. अर्जावर जो मेल आहे त्याच्यावरूनच पायजे म्हणाले. चाचा, सदतीस कुणाचा नंबर? आमच्या घरात तर कुणाचाच नाय."

वहाबचे हात कीबोर्डवरच थांबले. सदतीस त्याचाच होता. गाळ्यात रेंज येत नाही म्हणून त्यानं दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीचा नंबर घेतला. जुनं सिम ड्रॉवरमध्ये पडून राहिलं, रिचार्ज राहून गेलं, आणि एक दिवस ते बंद झालं. तेव्हा त्याला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

त्यानं सरितासमोर गाळ्यातल्या कॉम्प्युटरवरून प्रयत्न करून बघितला. इथंही तेच. कोड सदतीसवर.

"सर्व्हर डाऊन दिसतंय," वहाब म्हणाला. "बस थोडी."

दिवसातून दहा वेळा तो हे वाक्य बोलायचा आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं. आज ते खोटं होतं, आणि ते बोलताना त्याला तिच्याकडं बघवलं नाही. म्हातारीचा दाखला तिच्या हातात देऊन तो गाळ्याच्या मागं गेला आणि स्वतःचाच जुना नंबर लावला.

पलीकडं घंटी वाजली. कुणीतरी उचलला.

"कोण?"

"भाऊ, मी फुलंब्रीहून वहाब बोलतो. हा नंबर आधी माझा होता. आत्ता तुम्हाला एक कोड आला असंल..."

"आत्ता? वरीस झालं येतेत कोड! कधी सकाळी, कधी जेवताना. मी जिंतूरला ट्रॅक्टर दुरुस्त करतो भाऊ, माझा मेलबिलाशी काय संबंध?"

"पोरीच्या नोकरीचा सवाल हाय. तेवढे सहा आकडे सांगा."

मग तो माणूस म्हणाला, "हे बघा, कोडाच्या खालीच लिहिलंय, कुणालाबी सांगू नका. तुम्ही चांगले असाल. पर मला काय म्हाईत? उद्या पोलीस माझ्या दारात यायचे."

वहाबनं फोन ठेवला. त्याच्या गाळ्याच्या भिंतीवर त्यानंच मोठ्या अक्षरांत छापून लावलं होतं, की कोड कुणालाही सांगू नये. तो जिंतूरचा मिस्त्री बरोबर वागत होता. आपण याच्या जागी असतो तर आपणही असंच वागलो असतो, हे वहाबला कळत होतं. एवढ्या लोकांच्या दाराची कडी आपण एका अनोळखी माणसाच्या हातात देऊन बसलो. तो भला निघाला, हे आपलं नशीब.

तो आत आला. सरिता बाकावर बसून पायानं फरशी घासत होती.

"सर्व्हर चालू झालं का?"

"बंद नव्हतंच," वहाब म्हणाला. "खोटं बोललो. तो नंबर माझा होता. आता दुसऱ्याचा झालाय."

सरिता उभी राहिली. "माझ्या खात्याला तुमचा नंबर?"

"सगळ्यांच्याच."

"चाचा, मी दहावीत होते तवा ठीक होतं. पुढं एकदा तरी म्हणायचं ना, की बाई, तुझ्याकडं फोन आलाय, तुझा नंबर टाक."

ती रागानं बोलली असती, ओरडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत होती. मग तिनं फोन काढला आणि खात्याचं ते पान पुन्हा उघडलं. 'दुसरा मार्ग वापरा' असं खाली बारीक लिहिलेलं होतं, ते दाबलं. तिनं सावकाश वाचून दाखवलं: ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही हे खातं पूर्वी नेहमी वापरत होता, त्यावरून प्रयत्न करा.

"तो जुना कॉम्प्युटर कुठंय? खिडकीपाशी होता तो?"

"घरी."

गाळ्याचं शटर अर्धं ओढून दोघं मागच्या गल्लीत वहाबच्या घरी गेली. ताहेरा ओढणीला लेस लावत बसली होती. जुन्या कॉम्प्युटरवर चादर टाकून तिनं त्याच्यावर कापडांच्या चिंध्यांची पिशवी ठेवली होती. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पण तिनं दिला नव्हता. पिशवी ठेवायला तिला त्या उंचीचं दुसरं काही मिळत नव्हतं.

"इसको जगाना है?" तिनं विचारलं आणि पिशवी उचलली.

कॉम्प्युटर घरघरला. पडदा यायला फार वेळ लागला. वहाबनं फोनची तार जोडून इंटरनेट दिलं. सरितानं मेलचं पान उघडलं, तर ते पान उघडेचना. जोडणी सुरक्षित नाही, असं म्हणून ते परत परत मागं ढकलत होतं.

"मेलं, संपलं," सरिता म्हणाली. घड्याळात पावणेतीन झाले होते.

"थांब," वहाब म्हणाला. तो खुर्ची ओढून बसला. पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं आणि दुपारपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. "याच्या आतला सेल मेलाय. हा अजून दोन हजार नऊ सालात बसलाय. तारीख चुकली की हे पान दार उघडत नाय." त्यानं आजची तारीख टाकली, वेळ टाकली, आणि बाजूला झाला.

पान उघडलं. सरितानं पासवर्ड टाकला. बराच वेळ एक गोल फिरत राहिला. ताहेराच्या हातातली सुई तशीच हवेत राहिली. मग पान पालटलं. कोड मागितला नाही. या कॉम्प्युटरला त्या पानानं ओळखलं होतं. आता नवा पासवर्ड टाका आणि आपला नंबर द्या, असं ते म्हणत होतं.

वहाब सवयीनं पुढं वाकला. त्याचा हात खिशातल्या पेनाकडं गेला.

सरितानं मान वळवून बघितलं.

वहाबनं हात खाली घेतला. "माझ्याकडं बघू नको," तो म्हणाला. "गावाचं नाव टाकू नको, जन्मसाल टाकू नको. तुझ्याशिवाय कुणाला सुचणार नाय असं काहीतरी लांबलचक टाक. नंबर तुझा. होकार पाठवून झाला की इथून लॉगआउट करून मगच ऊठ. आन ताहेरा, तू भी बाहर आ."

"मैं कायकू? मेरे को तो पढना भी नहीं आता."

"फिर भी आ."

दोघं ओट्यावर येऊन उभी राहिली. उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली उतरत होती. शेजारचा पुंजाराम सायकल ढकलत चालला होता, तो थबकला.

"काय हो वहाबभाई, नवरा-बायको दोघं भायेर? घरात कोणंय?"

"सांडूची सरिता."

"मग?"

"पासवर्ड टाकतीय."

पुंजाराम बुचकळ्यात पडला. "अन् तुम्ही भायेर? तालुक्याचे पासवर्ड तर तुमच्याकडं असत्यात."

"तुझाबी असंल," वहाब म्हणाला. "पीकविम्याला काढला होता. उद्या सकाळी फोन घेऊन ये. बदलून घेऊ. तू टाकायचा, मी बघणार नाय."

"मला कुठं येतंय?"

"शिकवतो."

आतून सरितानं हाक मारली. "चाचा, गेला! चार वाजायच्या आत गेला! त्यांचं पोहोचल्याचं उत्तरबी आलं!"

ताहेरा आत धावली. वहाब मात्र दारातच उभा राहिला आणि उंबऱ्याबाहेरूनच त्यानं विचारलं, "लॉगआउट केलंस का?"

"करतीय."

"कर. मग येतो."