आप्पांचा घास

जयंती मुळात भित्री. नवऱ्याच्या, राजनच्या, मागोमाग इथे हॉलंडात न्यूनेनला आली तेव्हा सायकलवर बसायची नाही, हातात धरून चालवत न्यायची. कुणाचा कुत्रा भुंकला की माझ्या दारात हजर! भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तशी गत.

पण या बाईला गरुडांनी वेड लावलं. इथून नाहीसे झालेले पांढऱ्या शेपटीचे गरुड बीसबॉसच्या पाणथळीत पुन्हा घरटी करायला लागलेत. जयंती त्यातल्या एका घरट्यावर पहारा देते, फुकट. लांबच्या बांधावरून दुर्बीण लावायची आणि पुढे जाणाऱ्याला थोपवायचं. मादी उठली तर अंडी गार पडतात किंवा कावळे फोडतात, हे ती धिप्पाड माणसांना डचमध्ये ठणकावते.

मार्चमध्ये तिच्या वडिलांचं, आप्पांचं, वर्षश्राद्ध आलं. विधी भावाने पुण्यात केले. हिला अंत्यदर्शनही मिळालं नव्हतं, म्हणून निदान कावळ्याला घास तरी ठेवायचा होता. बाल्कनीत सकाळपासून कावळा फिरकला नाही, तेव्हा बाईंनी दहीभाताचा डबा थेट पहाऱ्यावर आणला. मी सोबतीला होते.

"अगं, इथे फूड ठेवायचं नाही, हा तुमचाच रूल ना?"

"एकच घास गं, मंजूषा. घरटं केवढं लांब आहे."

तिने बांधावरच्या खुंटावर भात ठेवला. बराच वेळ काही नाही. मग एक कावळा ओरडला आणि बघता बघता आभाळ काळं झालं. भाताजवळ आम्ही उभ्या, म्हणून ते समोरच्या झाडांवर जाऊन बसले. घरट्याच्या झाडावरही.

मी घाईने दुर्बीण डोळ्याला लावली. दोन कावळे मादीवर झेपा घेत होते. नर कुठे दिसेना. मादी पंख अर्धवट उघडून उठायच्या बेतात होती.

"उठू नकोस गं, बाई, उठू नकोस," जयंती पुटपुटत होती. ओरडायचीही सोय नव्हती, मादीच बिथरली असती. मीही देवाचं नाव घेत होते.

तेवढ्यात एक कावळा खुंटावर उतरला. मान तिरकी करून त्याने जयंतीकडे पाहिलं आणि भाताकडे चोच नेली. वर्षभर तिने याच क्षणाची वाट पाहिली होती. आणि तो शिवला असता तर बाकीचे सगळे इथेच तळ ठोकून बसले असते.

जयंतीने हात जोडले.

"आप्पा, आज नको. जा तुम्ही."

तिने भात ओंजळीत ओढून डब्यात भरला, झाकण लावलं. कावळा उडाला. बाकीचे थोडा वेळ घिरट्या घालत राहिले. मग एकेक करत पांगले.

"बसली," मी दुर्बिणीतून डोळा न काढता म्हटलं. "अगं जयंती, बसली ती!"

मग वळून पाहिलं. डबा उराशी धरून ती ओल्या गवतात बसली होती.

"आले होते गं," ती म्हणाली. "उपाशी पाठवलं मी."