खडाभर फोटो

एका कामाला चार माणसं लागली की काम होतं थोडं आणि किस्से होतात भरपूर. आमच्या जिल्हाकोशाचं तेच झालं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली गावं, माणसं, पिकं, वाद्यं, सगळ्यांची माहिती इंटरनेटवर ठेवायची. कुणीही लिहून पाठवावं, कुणीही फुकट वाचावं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत इंटरनेट म्हणजे अनिलचा कॉम्प्युटर क्लास, एवढीच आमची समजूत. दर रविवारी तिथे जमायचो: संपादक म्हणून निवृत्त मुख्याध्यापक कुलकर्णी सर, एसटीच्या वर्कशॉपमधले तात्या मोरे, अनिल, आणि मी. मला रोजनिशीची सवय, म्हणून टिपणं माझ्याकडे.

सरांचा नियम एकच. परवानगी नाही, तर चित्र नाही.

तो नियम तात्यांच्या मुळावर आला. त्यांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. घर उठून कवठे महांकाळच्या माळावर आलं, तेव्हा तात्या पाळण्यात होते. गावाचा एकच फोटो उरला होता. साताऱ्याच्या बाबूराव फोटोग्राफरनी पाणी चढायच्या आधीच्या उन्हाळ्यात काढलेला आणि पुढे कुठल्याशा कॅलेंडरवर छापलेला. तात्यांना तो कोशात हवा होता. आईची नजर दिवसेंदिवस अधू होत होती. कॅलेंडरवर तिला नुसतं धुरकट दिसायचं.

"मग स्कॅन करून मोठा दाखवू की त्यांना," अनिल म्हणाला.

"चोरून नको," तात्या म्हणाले. "गाव नकाशातनं गेलंय. कोशात आलं की मग तिला घेऊन येतो. पण लवकर काय ते करा, डोळे थांबायचे नाहीत."

तात्या साताऱ्याला तीनदा जाऊन आले. बाबूरावांचं उत्तर ठरलेलं: "माझा फोटो, माझी मर्जी."

*

गुळाची नोंद लिहायची म्हणून एकदा आम्ही गूळ बाजारात गेलो. सौद्याआधी व्यापारी गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, खडा मोडून तोंडात टाकत होते. बघता बघता सरांनीही एक मोडला. तोंडाशी नेला आणि थांबले.

"विचारायचं राहिलं," ते ओशाळून म्हणाले.

अडते कल्लाप्पाण्णा गादीवरूनच बोलले, "चवीला खडा घ्या की सर, त्याला काय विचारताय? रवा उचलून चाललात तर मात्र मी मागनं पळत येणार."

तात्यांनी सरांकडे पाहिलं. सर बराच वेळ खडा चघळत राहिले. मग म्हणाले, "मोरे, फोटोचा खडा कसा मोडायचा?"

पुढच्या रविवारी नवा नियम झाला. दुसरीकडे मिळत नसेल तरच घ्यायचं, माहितीपुरतं घ्यायचं, ज्याचं त्याचं नाव खाली द्यायचं, आणि त्यावर पैसा करायचा नाही. आम्ही त्याला खड्याचा नियम म्हणू लागलो. फक्त सरांची एक अट होती: आधी इतर नोंदींवर चालवून बघू, तुमचं गाव शेवटी.

तात्या म्हणाले, "सर, बघा हं. आईचं वय झालंय."

*

पहिला प्रयोग एका जुन्या पैलवानांच्या नोंदीवर झाला. त्यांचा एकमेव फोटो एका स्टुडिओचा, आणि तो स्टुडिओ कधीच बंद पडलेला. कुस्तीनं कान कसे होतात हे सांगायचं होतं, म्हणून सरांनी माहितीपुरता तेवढाच भाग घ्यायला लावला. अनिलनं कापून कान ठेवला.

पैलवान स्वतः बघायला आले. स्क्रीनसमोर मांडी ठोकून बसले.

"ह्यो कान माजाच. वळखला," ते म्हणाले. "बाकीचा मी कवा येनार?"

*

मग बँडची पाळी. लग्नाच्या बँडवर सुंदर नोंद आली होती, सोबत कॅसेट. कॅसेट कंपनीची, म्हणून सरांनी खडाभरच घ्यायला लावली. ती उतरवून घेण्यात अनिलचा अख्खा रविवार गेला. बँडमास्तर मिरवणुकीचा कोट घालून ऐकायला आले. ढोल वाजला, क्लॅरिनेटनं श्वास घेतला, आणि संपलं.

मास्तरांनी स्पीकर हलवून बघितला.

"सर, एवढ्यात आमचा नवरदेव घोड्यावरसुद्धा चढत नाही."

त्यानंतर खडा जरा मोठा झाला.

*

खडा आणि रवा यातला फरक सगळ्यांनाच पटला असं नाही. वाईहून एका उत्साही गृहस्थांनी घाटांवर लांबलचक नोंद पाठवली, खाली ठसठशीत स्वतःचं नाव. सर वाचत गेले तसा त्यांचा चेहरा खुलत गेला. मला वाटलं, नोंद आवडली. ती सरांच्याच जुन्या पुस्तकातून शब्दन् शब्द उतरवलेली होती.

सरांनी त्या गृहस्थांना फोन लावला. "नोंद उत्तम आहे. फक्त एक विनंती. दुसऱ्या परिच्छेदात माझी एक चूक आहे, तेवढी तरी स्वतःची करा."

*

शेवटी तात्यांचं गाव आलं. खड्याच्या नियमानं आम्ही फोटोतला कोपरा घेतला: नदीची पायवाट, त्यांचं घर, आणि वाटेवर डोक्यावर घागर घेतलेली कुणी बाई. खाली बाबूरावांचं नाव. आणि काय केलंय ते कळवणारं एक कार्ड सरांनी सभ्यपणे त्यांना टाकलं.

रविवारी तात्या आईला घेऊन आले. म्हातारी स्क्रीनला नाक लावून बसली. अनिल चित्र मोठं करत गेला. तेवढ्यात दार ढकलून एक उंच, टोपीवाले म्हातारे आत आले. हातात सरांचं कार्ड.

"कुलकर्णी कोण? एक तर न विचारता फोटो घेतलात, वर त्याला कात्री लावलीत! डोंगर कुठाय? देऊळ कुठाय?"

सर उठून उभे राहिले. "बाबूराव, आपण बसा तरी."

"बसायला आलो नाही. माझ्या फोटोला हात लावायच्या आधी माझी परवानगी घ्यायला नको?"

म्हातारीनं मान वळवली. आवाजाच्या रोखानं बघत राहिली.

"काळा डबा घिऊन दरडीवर हुबा हुतास, त्यो तूच का रं?"

म्हातारीनं स्क्रीनवर बोट टेकवलं.

"ही घागरवाली मी हाय. म्या वर बगितलं, तवा तू त्या डब्यात डोकं घातलंवतंस. मला इचारलंवतंस व्हय?"

बाबूराव वाकले, स्क्रीनवरच्या बाईकडे बघितलं, मग खुर्चीतल्या. हळूच टोपी काढली.

"आता विचारतो, मावशी. अख्खा फोटो आणून देतो. ठेवू का इथं?"

"ठिव की," म्हातारी म्हणाली. "पर आदी ती घागर खाली उतरिव. लय वर्सं डोक्यावर हाय."